बारचा आकडा बाजूला ठेवा, आधी बादली भरून पाहा

वाचकाचं पत्र :

"मी गणिताची निवृत्त शिक्षिका. देवरुखजवळ आमचं चिऱ्याचं जुनं घर आहे. पुढे चिरे घातलेलं अंगण, बाजूला गाडी लावायला पेव्हर ब्लॉकची जागा, मागे विहीर. एक वॅगनआर आणि एक स्कूटर. आषाढ-श्रावणात अंगणाला शेवाळ धरतं. गेल्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी आमचे हे घसरून पडले, मनगट मोडलं. तेव्हापासून प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने धुणारं मशीन, घ्यायचं घाटतंय. पुण्याचा भाचा म्हणतो २२० बारचं घे, ऑनलाइन सहा हजारांत मिळतंय. त्या जाहिरातीचा फोटो सोबत पाठवते. रत्नागिरीचे दुकानदार ११० बारचं दाखवतात आणि नऊ हजार सांगतात. निम्म्या ताकदीला दीडपट पैसे, हे कुठलं त्रैराशिक? शेजारचे आंबा बागायतदार म्हणतात, विकत कशाला घेता, आमचा फवारणीचा एचटीपी पंप न्या. कोणाचं ऐकू? आणि एक विचारायचं राहिलं : गाडीच्या टपावर फणसाचा चीक पडून वाळलाय, तो या मशीनने निघेल का?"

नमस्कार बाई,

त्रैराशिक तुमचं बरोबर आहे, पण त्यात घेतलेली एक संख्याच खोटी आहे. ती कोणती, हे तुम्ही स्वतःच काढाल. रीत तेवढी मी सांगतो.

आधी बार म्हणजे काय ते. नळाच्या वर दहा मीटर उंचीवर टाकी असेल तर नळाला साधारण एक बार दाब येतो. शंभर बार म्हणजे ती टाकी किलोमीटरभर वर. सह्याद्रीच्या एखाद्या उंच शिखरावर टाकी बांधून तुमच्या अंगणात नळ काढावा, तसं. आता दाब बारमध्ये घ्या, मिनिटाला पडणारं पाणी लिटरमध्ये घ्या, दोन्हींचा गुणाकार करा, ६ ने भागा, १० ने गुणा. जे उत्तर येईल ते वॅट. पाण्याला तो दाब आणि तो वेग एकाच वेळी द्यायला निदान एवढी ताकद लागतेच, मग मशीन जर्मन असो की चिनी.

भाच्याच्या जाहिरातीत लिहिलंय २००० वॅट, २२० बार, मिनिटाला १० लिटर. २२० गुणिले १० म्हणजे २२००, भागिले ६, गुणिले १०. उत्तर ३६६७ वॅटच्या आसपास. म्हणजे मोटार विजेकडून घेणार २००० आणि पाण्याला देणार ३६६७. आडात नाही ते पोहऱ्यात आलं. रत्नागिरीच्या मशीनवर १४०० वॅट, ११० बार आणि मिनिटाला ६ लिटर असं आहे. ६६० भागिले ६, गुणिले १० म्हणजे ११००. १४०० घेतले, ११०० पाण्याला दिले, उरलेले आवाजात आणि उष्णतेत गेले. हा हिशेब जुळतो.

जाहिरातवाला अगदीच खोटं बोलतो असंही नाही. पुढचं तोंड, म्हणजे नोझल, जवळजवळ बंद असताना काट्याने क्षणभर दाखवलेला दाब एकीकडे छापतात, आणि नोझल काढून मोकळं सोडलेलं पाणी दुसरीकडे. दोन्ही आकडे वेगवेगळ्या वेळचे, छापले मात्र शेजारी-शेजारी. ११० बारवाल्याचाही तो 'कमाल' दाब आहे. प्रत्यक्ष काम करताना मिळणारा दाब त्याहून बराच कमी असतो. चांगल्या कंपन्या तोही वेगळा छापतात. खोक्यावर 'मॅक्स' आणि 'रेटेड' असे दोन आकडे असतील तर 'रेटेड' धरा. एकच आकडा असेल, तोही ठळक लाल अक्षरांत, तर तो मॅक्स समजायचा.

आता खरा प्रश्न. तुमच्या अंगणाला किती बार लागतात? मला विचाराल तर या मशीनच्या खरेदीत सगळ्यात जास्त चूक इथे होते. जास्त दाब म्हणजे जास्त स्वच्छ, असं धरून माणूस दुकानात जातो. चिऱ्याच्या घराला हे लागू नाही. चिरा म्हणजे जांभा दगड, तो खाणीत ओला असताना किती मऊ असतो, ते तुम्ही कोकणात राहून पाहिलंच असेल. हवेत राहून तो कडक होतो, पण त्याच्या आतली छिद्रं आणि पिवळट मातीचे कप्पे तसेच राहतात. बारीक धारेचं नोझल चार बोटांवर धरून चिऱ्यावर फिरवलंत तर शेवाळ जाईल, त्याच्याबरोबर ती मातीही जाईल. आज अंगण नवं दिसेल. पुढच्या आषाढात त्या उघड्या पडलेल्या छिद्रांत पाणी दुप्पट साचेल आणि शेवाळाला बसायला जागाही दुप्पट.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात मी बावीस वर्षं पंप-मोटारींची दुरुस्ती केली. पहिलं प्रेशर वॉशर हाती आलं तेव्हा ते कुठे चालवून बघू आणि कुठे नको, असं झालं होतं. घरामागे आईचं तुळशी वृंदावन, आजोबांच्या वेळचं, चुन्याच्या गिलाव्याचं. त्यावर वर्षांनुवर्षांचा काळपटपणा चढलेला. लाल नोझल लावलं, म्हणजे शून्य अंशाचं, धार सुईसारखी. दोन मिनिटं छान चाललं. मग कोनाड्याच्या कडेचा भाकरीएवढा गिलावा फुगला आणि अख्खा पायाशी पडला. पाणी मागे शिरून त्याने आतून ढकललं होतं. आई काही बोलली नाही. त्या दिवशी संध्याकाळी दिवा तिने वृंदावनाऐवजी उंबऱ्यावर लावला, तेवढंच.

तेव्हा चिऱ्याच्या अंगणाला पंख्यासारखी पसरणारी धार घ्यायची. रंगाची नोझलं आली तर हिरवं २५ अंशाचं आणि पांढरं ४० अंशाचं. लाल कपाटात ठेवा. गोल फिरणारं 'टर्बो' नोझल काही मशीनबरोबर फुकट येतं आणि त्याचा मोह होतो. ते सिमेंटच्या कोब्यावर वापरा, चिऱ्यावर नको. घराच्या भिंतींना तर मशीन लावूच नका. चिऱ्यांमधल्या दरजा जुन्या असतील तर त्या उकरल्या जातील. कौलांवर खालून वर धार मारलीत तर पाणी थेट माळ्यावर. पेव्हर ब्लॉक मात्र खुशाल धुवा. त्यांच्या फटींतली वाळू निघून येईल, ती वाळल्यावर नवी बारीक वाळू झाडूने ढकलून भरून टाकायची, नाहीतर ब्लॉक हलायला लागतात.

शेवाळाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण तुमचं पत्र वाचताना मला वाटलं की तुम्हाला मशीन नको आहे, घसरणं थांबायला हवं आहे. दोन्ही एकच नाही. पाऊस संपल्यावर दिवाळीच्या सफाईत मशीन लावून काय फायदा? घसरायचे दिवस तोवर निघून गेलेले असतात. काम करायचं ते गणपतीच्या आधी, एखाद्या उघडिपीच्या दिवशी. सकाळी बादलीभर पाण्यात पाव किलो ब्लीचिंग पावडर कालवायची, वरचं निवळलेलं पाणी खराट्याने अंगणावर पसरायचं, अर्धा तास ठेवायचं. हातात रबरी मोजे, तोंडाला रुमाल. तुळस आणि कुंड्या आधी हलवायच्या. अंगणाचा उतार विहिरीकडे असेल तर ब्लीचिंग नकोच, नुसता ताठ ब्रश. आणि त्याच वेळी संडास साफ करायचं अ‍ॅसिड जवळपासही नको, दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. अर्ध्या तासाने शेवाळ करडं पडतं, त्याची पकड सुटते. मग पंखा-धारेने फूटभरावरून धुतलंत की ते चादरीसारखं गुंडाळत जातं. त्याला सत्तर-ऐंशी बार पुष्कळ झाले.

त्यातूनही दारापासून फाटकापर्यंतची दोन हात रुंद वाट पावसाळाभर सुपारीच्या किंवा माडाच्या झावळ्या टाकून ठेवा. ही तुमच्याकडची जुनीच पद्धत आहे, मी आंबा घाट उतरून आलो की दर वेळी बघतो. नऊ हजारांच्या मशीनपेक्षा मनगट तिने जास्त वाचेल.

बागायतदारांचा पंप. एचटीपी म्हणजे एका रांगेत तीन पिस्टनचा आडवा पंप. आंब्याला, द्राक्षाला फवारणीसाठी तो उत्तम. गावोगावच्या सर्व्हिसिंग सेंटरवाल्यांनी तोच लावलेला असतो. त्याचा दाब वीस ते चाळीस किलो, म्हणजे जवळजवळ तेवढेच बार, आणि पाणी मात्र मिनिटाला वीस-पंचवीस लिटर किंवा त्याहून जास्त. ट्रॅक्टरच्या चाकाची चिखलाची ढेकळं पाण्याच्या लोंढ्याने जातात, तिथे तो राजा आहे. शेवाळाला लोंढा लागत नाही, धक्का लागतो. ते निघणार नाही आणि विहीर तेवढी खाली जाईल. पण माझा नकार यासाठी नाही. त्या पिंपात आणि त्या पाइपात मोहोर आल्यापासून कीटकनाशक फिरलेलं असतं. दोनदा विसळलं तरी रबरी पाइप ते धरून ठेवतो. ज्या अंगणात नातवंडं रांगतात आणि ज्याच्या मागे पिण्याची विहीर आहे, तिथे तो नको. शेजाऱ्यांना गोड बोलून नाही सांगा.

आता शीर्षकातली बादली. मशीन कुठलंही घ्या, त्याला मागून पुरेसं पाणी हवं. अंगणातला जो नळ वापरणार, त्याखाली वीस लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. दोन मिनिटांच्या आत भरली तर मिनिटाला दहा लिटर आले, सहा-सात लिटरच्या मशीनला भरपूर. तीन मिनिटांहून जास्त लागली तर मशीन उपाशी राहणार. पाणी कमी पडलं की पंप हवा ओढतो, धार तुटक येते आणि मशीन धडधडतं. दुरुस्तीला येणाऱ्या दहातल्या निदान चार मशीनमध्ये बिघाड काहीच नसायचा, नळ बारीक असायचा. मी त्यांना परत पाठवायचो, लोकांना वाटायचं मला जमत नाही.

गच्चीवरची टाकी चार मीटर उंच असेल तर तिचा दाब जेमतेम ०.४ बार. वर अर्ध्या इंचाचा लांब पाइप असेल तर तो आणखी खातो. तसं झालं तर दोनशे लिटरचं पिंप दोन चिऱ्यांवर ठेवून त्यातून पाणी द्या. पिंपातून स्वतः पाणी ओढणारी मशीनं मिळतात, पण सगळी ओढत नाहीत. दुकानात हे विचारून घ्या, आणि ओढायचा पाइप, त्याच्या टोकाची जाळी आणि परत न जाऊ देणारा व्हॉल्व्ह खोक्यात आहे की वेगळा घ्यायचा, तेही. पहिल्यांदा तो पाइप पाण्याने गच्च भरून जोडायचा, गन उघडी धरायची, हवा पूर्ण निघाली की मगच नोझल लावायचं.

विहिरीचं पाणी आहे म्हणून एक गोष्ट जवळून दाखवतो. पंप खोलला की आत एक तिरकी तबकडी दिसते आणि तिच्यापुढे करंगळीएवढे तीन पिस्टन. तबकडी फिरली की ते एकामागून एक आत-बाहेर होतात, एका उखळात तिघीजणी पाळीपाळीने मुसळ घालतात तसे. प्रत्येकाच्या तोंडाशी मटाराएवढा व्हॉल्व्ह. त्या व्हॉल्व्हखाली रव्याच्या कणाएवढी वाळू अडकली की एक मुसळ उखळाबाहेर पडतं, दाब निम्म्यावर येतो, आणि माणूस म्हणतो मशीन गेलं. खरं तर शंभर-दोनशे रुपयांची पाण्याची जाळी नव्हती. मशीनच्या तोंडाशी जी इवली जाळी येते ती पुरत नाही. पारदर्शक भांड्याचा फिल्टर मध्ये बसवा. पहिल्या पावसानंतर विहीर गढूळ असते, तेव्हा तर मशीन काढूच नका.

मशीनने पाणी वाचतं, असं दुकानदार म्हणाले असतील. उघड्या पाइपाशी तुलना केली तर वाचतं. बादलीशी केली तर नाही. गाडी धुताना गन दहा मिनिटं चालली तर साठ लिटर, म्हणजे तीन बादल्या. पूर्वी तुमचे हे दोन बादल्यांत आणि एका फडक्यात गाडी पुसत असतील, त्यापेक्षा जास्तच. अंगणाला तास-दीड तास लागेल, म्हणजे चार-पाचशे लिटर. श्रावणात विहीर भरलेली असते, चिंता नाही. एप्रिल-मेमध्ये मशीन माळ्यावर.

वीज. १४०० भागिले २३० म्हणजे सहा अँपिअरच्या थोडं वर. म्हणजे टीव्हीच्या छोट्या प्लगवर हे चालवायचं नाही, गिझरचा मोठा पॉइंट हवा. तो सहसा अंगणात नसतो, मग लोक पांढरा एक्स्टेन्शन बोर्ड ओढतात, तो ओल्या चिऱ्यांवर ठेवतात आणि मला पत्र लिहितात. तुम्ही उलटं करा. मशीन पॉइंटजवळ, कोरड्या पडवीत ठेवा आणि पाण्याचा पाइप लांबवा. पाणी लांबवायला धोका नाही, वीज लांबवायला आहे. लांबवायचीच असेल तर अडीच एमएमची तीन तारांची केबल, रीळ पूर्ण उलगडलेलं, जोड जमिनीच्या वर. गुंडाळलेलं रीळ आतल्या आत तापतं. आणि मीटरजवळच्या डब्यात 'टेस्ट' असं बटण असलेला स्विच आहे का ते आजच बघा. त्याला आरसीसीबी म्हणतात, वीज कुठे गळली की तो ती लगेच तोडतो. ३० मिलीअँपिअरचा हवा. बटण दाबल्यावर घरातली वीज गेली तर तो जिवंत आहे. स्विचच नसेल तर आधी तो बसवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि मग मशीन. हा क्रम मी कोणासाठीही बदलत नाही.

मोटार दोन प्रकारची येते. एक कार्बन ब्रशची. ती हलकी असते, मिक्सरसारखी ओरडते, पंधरा-वीस मिनिटांनी विसावा मागते. दुसरी इंडक्शन. जड, शांत, टिकाऊ, महाग. इंटरनेटवर सगळे सांगतील की इंडक्शनच घ्या, आणि शहरात मीही तेच सांगितलं असतं. पण तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज किती असतं? १९० वर आलं तर कार्बनवाली मोटार जरा मंद फिरते, धार कमी होते, इतकंच. इंडक्शन मोटार मात्र कमी व्होल्टेजला अडून बसते. नुसतं हुं-हुं करते, करंट जास्त ओढते आणि वाइंडिंग तापवून घेते. खेड्यातल्या फीडरवर, वर्षाला आठ-दहा वेळा वापरायला, मी कार्बनवालीच घेईन. कार्बन झिजले तर दोन स्क्रू काढून बदलता येतात. फक्त ते बाहेरून बदलता येतात ना, हे दुकानात बघून घ्या. गन सोडली की मोटार आपोआप थांबते ना, तेही. नसेल थांबत, तर पंप आतलंच पाणी घुसळत तापतो आणि सील वितळतात. शेजारणीशी बोलत उभं राहायचं असेल तर आधी बटण बंद.

गाडीचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते खरं तर सोपं आहे. या मशीनचा गाडीला मोठा उपयोग टपावर नाही, खाली आहे. चाकांच्या वरच्या कमानीत आणि पोटाखाली पावसात जी तांबडी माती बसते, ती बादलीने कधीच निघत नाही आणि तिथूनच गंज लागतो. तिथे मनसोक्त मारा. पत्र्यावर पांढरं नोझल, किमान फूटभर लांब, गाडी सावलीत आणि थंड झालेली. कुठे पोपडा उडाला असेल, बंपर रंगवून घेतला असेल, तर तिथून लांब. टायरच्या बाजूच्या भिंतीवर जवळून मारू नका. तो कापला गेल्याचं बाहेरून दिसत नाही, हायवेवर कळतं. बॉनेट उघडून इंजिन धुवायची हौस भाच्याला असते. त्याला सांगा, आत आता वायर आणि कनेक्टरच जास्त आहेत. साबण गाडीच्या शाम्पूचा, कपड्यांची पावडर मेण आणि चमक दोन्ही घेऊन जाते.

स्कूटर तर मी बादलीनेच धुतो. डाव्या बाजूला पट्ट्याच्या डब्यात हवा जायची जागा असते, तिथे पाणी शिरलं तर पट्टा घसरतो. हॉर्नचं बटण, मीटर, चाकाच्या बेअरिंगची सीलं, सायलेन्सरचं तोंड, एवढं सगळं टाळत धार मारायची तर धुवायला उरतं काय?

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. शंभर बारची बारीक धार कातडीतून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, आत मात्र पाणी आणि घाण हाडापर्यंत पोहोचलेली असते. तसं झालं तर घरी हळद भरून बसायचं नाही, तासाभरात सर्जन गाठायचा आणि प्रेशर वॉशरची धार लागली असं स्पष्ट सांगायचं. अंगण धुताना पायात स्लिपर नको, गमबूट. नातवंडांच्या अंगावर गंमत म्हणून एकदाही नाही. कुत्र्याच्या तर नाहीच.

म्हणजे रत्नागिरीचं नऊ हजारांचं घ्या, पण पैसे मोजण्याआधी दुकानदारांना दोन गोष्टी विचारा. सील किट आणि गन सुटी मिळते का, आणि बिघडलं तर मशीन रत्नागिरीतच उघडणार की कोल्हापूर-पुण्याला पाठवणार. ऑनलाइन सहा हजारांच्या मशीनचा माझा अनुभव असा की ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, वीस रुपयांची असते, पण ती कुठेच मिळत नाही. प्रेशरचा पाइप तीन मीटरचा असेल तर मशीन सतत मागे ओढावं लागेल, पाच मीटर तरी बघा. गॅरंटीत पाइप, गन आणि कार्बन सहसा धरत नाहीत, त्यावरून वाद घालून उपयोग नाही. जमलं तर दुकानाच्या दारात दहा मिनिटं चालवून दाखवायला सांगा. जो बादली आणि प्लग काढून देतो, त्याच्याकडून घ्यावं.

काम झालं की नळ बंद, मोटार बंद, मग गन एकदा दाबून आतला दाब सोडायचा. पाइप सोडून मशीन क्षणभर सुरू करायचं, राहिलेलं पाणी फेकून देईल. क्षणभर म्हणजे क्षणभरच, कोरडं चालवलं की सील करपतात. मशीन गोणपाटात न गुंडाळता उभं, मोकळं ठेवा. गोणपाटात उंदीर येतो आणि वायर त्याला आवडते.

राहिला फणसाचा चीक. तो मशीनने निघणार नाही, आणि तो निघावा म्हणून जवळून मारलंत तर त्याच्याखालचा रंग निघेल. फणस कापताना सुरीला आणि हाताला खोबरेल लावता, तेच टपाला. कापसाचा बोळा तेलात भिजवून डागावर पंधरा मिनिटं ठेवा, मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसा, उरलं तर पुन्हा. नखाने खरवडू नका. शेवटी शाम्पूने तेल धुऊन टाका. आणि गाडी त्या झाडाखालून काढून पेव्हर ब्लॉकवर लावा. आता चीक पडतोय, ज्येष्ठात फणस पडेल.